गंभीर या शब्दाची दुरुस्ती

परळच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांनी सुंदराबाईंना सेविका नेमण्याचा ठराव फेटाळला आणि तो फेटाळल्याची नोंद चिटणीस या नात्याने बाबुराव शिरसाठांनी स्वतःच्या हाताने इतिवृत्तात केली. अक्षर नेहमीसारखेच ताठ आणि एकसारख्या उंचीचे होते. तांत्रिक कॉलेजात तीन वर्षे आणि गिरणीच्या ड्रॉइंग ऑफिसात छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाचे अक्षर दुसरे कसे असणार? सही करताना मात्र त्यांचे मन त्यांना खात होते, कारण ठराव पडला होता तो त्यांच्याच वाचनामुळे.

हे सगळे छप्पन सालच्या फेब्रुवारीतले. जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीवरून मुंबईत गोळीबार झाला होता. परळचे मोठे इस्पितळ तेव्हापासून जखमींनी भरून गेले होते. वॉर्डात नातेवाइकांची, कार्यकर्त्यांची आणि नुसत्या बघ्यांची अशी झुंबड उडू लागली की अधिकाऱ्यांना नवा नियम करावा लागला: भेटीची वेळ संध्याकाळी चार ते सहा, इतर वेळी प्रवेश हवा असेल तर एखाद्या मान्य संस्थेचे पत्र हवे. नियम रास्तच होता. पण त्याचा फटका नेमका सुंदराबाईंना बसला.

सुंदराबाई पन्नाशीच्या, एका विणकराची विधवा. गेली बारा वर्षे त्या रोज सकाळी आठाला, म्हणजे ड्रेसिंगच्या वेळी, बायकांच्या वॉर्डात जात. ज्या बाईचे मुंबईत कोणी नाही तिच्या खाटेशी बसत, तिचा हात धरत आणि जखम धुतली जात असताना तिला काहीबाही सांगून हसवत. त्यांचे स्वतःचे हसू तर असे की त्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर हसल्या की खालच्या नळावरून कोणीतरी ओरडून विचारी, "काय झालं गं सुंदरे? आम्हाला पण सांग!" आता त्यांना सकाळी आत सोडेनात. मंडळीने सेविका म्हणून नेमले तर मंडळीच्या शिक्क्याचे पत्र मिळेल आणि दार उघडेल, म्हणून पाद्री राजाराम साळव्यांनी तो ठराव मांडला होता.

विरोध केला रामदास थोरातांनी. ते निवृत्त हेडमास्तर आणि पंचांमध्ये सर्वांत वडील.

"बाई सत्याग्रहात चार दिवस कोठडीत होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "हल्ली कोण नव्हतं कोठडीत? पण पोलिसांच्या गाडीत तिनं अख्ख्या गाडीला हसवलं! हवालदारसुद्धा हसला म्हणतात. सेविकेला हे शोभतं?"

"शोभतं की नाही ते आपण कोण ठरवणार, मास्तर?" पाद्रीसाहेब म्हणाले.

"आपण नाहीच ठरवायचं. शास्त्र ठरवील. चिटणीस, तीमथ्याचं पहिलं पत्र काढा. अध्याय तिसरा."

बाबुरावांनी बायबल उघडून ते काढले आणि वाचले. मंडळीत सेवा करणाऱ्या स्त्रिया कशा असाव्यात, ते तिथे सांगितले होते, आणि यादीतला पहिलाच शब्द होता 'गंभीर'.

बाबुरावांच्या लेखी स्पेसिफिकेशन म्हणजे स्पेसिफिकेशन. पोलाद मागवले असताना ठिसूळ ओतीव बीड आले, तर ते कितीही चकचकीत असो, परत पाठवायचे. सुंदराबाईंबद्दल त्यांना आदर होता, पण त्यांना गंभीर म्हणणे म्हणजे समुद्राला कोरडा म्हणणे. त्यांनी विरोधात हात वर केला. तीन विरुद्ध दोन.

निकाल सांगायलाही तेच गेले. सुंदराबाई गॅलरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"गंभीर व्हायचं ना?" त्या म्हणाल्या. "बरं. किती दिवस?"

"दिवसांचा प्रश्न नाही, बाई. पुढची सभा पंधरवड्यानं आहे, पण..."

"मग पंधरा दिवस होऊन दाखवते, बाबुरावदादा. लोक उपास करतात, तसं. आजपासून दात दिसले तर नाव सांगणार नाही."

आणि त्यांनी खरोखरच ओठ मिटून घेतले.

घरी आल्यावर बाबुरावांनी ही हकीकत पत्नीला सांगितली. मीराबाई पोळी लाटता लाटता थांबल्या.

"गंभीर असण्यानं माणूस देवाला आवडतो म्हणता? मग तुमची जागा स्वर्गात पक्की. आपल्या लग्नाच्या फोटोत तुमच्याकडे बघून फोटोवाल्यानं विचारलं होतं, मयत कोणाची आहे म्हणून."

"ही थट्टेची गोष्ट नाही."

"मी कुठं थट्टा करतेय? त्याला तुम्ही उत्तरसुद्धा दिलं होतं. 'मयत नाही, लग्न आहे.'"

आठ दिवस गेले. चाळीत कुजबुज सुरू झाली की सुंदराबाईंना काहीतरी झाले आहे. कोणी म्हणे दाढ दुखते, कोणी म्हणे कोठडीतल्या अन्नाने पोट बिघडले. त्या मान खाली घालून नळावर येत, पाणी भरत आणि मान खाली घालून जात. अखेर मीराबाईंनी बाबुरावांच्या हातात चार मोसंबी ठेवली आणि म्हणाल्या, "चार वाजता त्या इस्पितळात असतात. जा आणि बघून या. शास्त्र तुम्ही वाचलंत, आता त्याचा परिणामही तुम्हीच बघा."

बायकांच्या वॉर्डात, खिडकीपाशी, बाविशीतली एक मुलगी पडली होती. तिचे नाव शेवंती. वर्षापूर्वी कणकवलीकडून लग्न होऊन लालबागच्या चाळीत आलेली, नवरा गिरणीत. जानेवारीत ती गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढत असताना गोळी तिच्या पोटरीतून आरपार गेली होती. हाड सुदैवाने वाचले होते. तिच्या उशाशी सुंदराबाई बसल्या होत्या, पाठ ताठ, हात मांडीवर, चेहरा दगडी. बाबुरावांना पाहताच त्या उठल्या आणि पाणी आणण्याच्या निमित्ताने बाहेर गेल्या.

शेवंतीने त्यांच्या सदऱ्याची बाही धरली.

"काका, तुमी तरी खरा सांगा. माजो पाय कापतले मां?"

"छे, छे! कोण म्हणालं?"

"कोणी म्हणाक कित्याक होया? बाईचा तोंड बघा. आदी येय ती हसत येय. आता आठ दिस मयताक इल्यासारखी बसता. तिका डाक्टरान सांगलेला आसतला. माका सांगणत नाय, एवढाच."

"अगं, तसं काही नाही."

"मग ती हसणा नाय कित्याक?"

बाबुरावांनी नजर खाली वळवली. खाटेखाली दुपारचे ताट झाकलेले तसेच होते. वॉर्डच्या सिस्टरने त्यांना बाजूला घेऊन सांगितले की पोरीने दोन दिवस अन्नाला हात लावलेला नाही, सकाळी ड्रेसिंगला ती जवळ येऊ देत नाही, आणि पोटात अन्न गेले नाही तर जखम भरायची कशी, असे डॉक्टर विचारत आहेत. "पूर्वी सुंदराबाई सकाळी यायच्या तेव्हा हिचं काम पाच मिनिटांत व्हायचं," सिस्टर म्हणाली. "तुमच्या चर्चचं पत्र का मिळत नाही हो?"

बाहेर व्हरांड्यात सुंदराबाई पदराने डोळे टिपत उभ्या होत्या.

"बाबुरावदादा, मी आता करू तरी काय? हसले तर सेविका होत नाही, आणि सेविका झाले नाही तर सकाळी आत सोडत नाहीत. न हसावं तर ही पोर माझं तोंड बघून मरते. तुम्ही शिकलेले आहात. तुम्हीच सांगा."

मोसंबी तशीच हातात घेऊन बाबुराव घरी परतले आणि मीराबाईंनी ती काही न विचारता टोपलीत ठेवली.

ड्रॉइंग ऑफिसातला एक नियम बाबुरावांनी छत्तीस वर्षे पाळला होता, आणि तो त्यांना त्या रात्री जेवताना आठवला. मूळ आराखडा, म्हणजे ट्रेसिंग, कपाटात राहते; कारखान्यात जातात त्या त्याच्या निळ्या नकला. नकलेला घडी पडते, तेलाचा डाग पडतो, एखादा आकडा पुसट होतो, आणि कारागीर तर नकलेवरच काम करतो. सुटा भाग यंत्रात बसेना झाला की फोरमन ओरडतो, फिटर ओरडतो, दोघेही नकला नाचवतात. अशा वेळी नकलेवर वाद घालायचा नसतो. कपाटातून मूळ ट्रेसिंग काढायचे असते. आणि इथे तर बसत नाही हे उघडच दिसत होते. जो शब्द पाळल्याने एक आजारी मुलगी उपाशी राहते, तो शब्द तरी चुकीचा होता किंवा त्याचा अर्थ तरी.

सकाळी ते पाद्रीसाहेबांच्या दारात उभे राहिले.

"सलाम, साहेब. 'गंभीर' या शब्दाचं मूळ ट्रेसिंग मिळेल का?"

राजाराम साळव्यांना प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ते हसले आणि कपाटाच्या तळातून त्यांनी ग्रीक नवा करार आणि एक जाडजूड शब्दसूची काढली. दोन्हींचे कोपरे वाळवीने खाल्ले होते.

"माझ्यावर भिस्त ठेवू नका, बाबुराव. ग्रीकची परीक्षा पस्तीस साली दिली आणि छत्तीस साली विसरलो." त्यांनी अध्याय काढला आणि एका शब्दावर बोट ठेवले. "हा बघा."

बाबुरावांनी चष्मा पुसला आणि वाकून पाहिले. पाहता पाहता त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटले.

"अहो, ही तर आमचीच अक्षरं! हा सिग्मा, म्हणजे ताण. हा एप्सिलॉन, ताणामुळं धातूची जी लांबी वाढते ती. म्यू म्हणजे घर्षण. मग न्यू. मग अल्फा." ते अडले. "पण हे शेवटचं कोण? हे माझ्या एकाही सूत्रात नाही."

"तोही सिग्माच. शब्दाच्या शेवटी आला की शेपूट खाली सोडतो."

"सूत्रात तो शेवटी कधी येतच नाही, म्हणून ओळख नव्हती," बाबुराव समाधानाने म्हणाले. "स, ए, म, न, आ, स. सेम्नास."

"स्त्रियांबद्दल आहे म्हणून 'सेम्नास'. मूळ शब्द सेम्नोस."

बाबुरावांनी खिशातून आलेखाचा कागद काढला आणि रकाने आखले. शब्दसूचीवरून पाद्रीसाहेब स्थळ सांगत, बाबुराव ग्रीक पानावर पहिली चार अक्षरे जुळतात का ते पाहत, मग मराठी प्रत उघडून तिथे कोणता शब्द आहे तो टिपत. तासाभरात काम झाले. तो शब्द आणि त्यापासून झालेले भाववाचक नाम मिळून सगळ्या नव्या करारात सात ठिकाणी. सहा ठिकाणी मराठीत 'गंभीर' किंवा 'गंभीरपणा'. सातव्या ठिकाणी, फिलिप्पैकरांच्या पत्रात, जिथे चांगल्या गोष्टींचे मनन करायला सांगितले आहे, तिथे तोच शब्द मराठीत झाला होता 'आदरणीय'.

बाबुरावांनी ती ओळ तीनदा तपासली.

"एकाच भागाला दोन नावं दिलीत," ते हळूच म्हणाले. "साहेब, हा शब्द निघाला कुठून?"

पाद्रीसाहेबांनी कपाटातून ग्रीक कोश काढून चाळला. "भक्ती करणे, पूज्य मानणे, अशा क्रियापदातून. जुने ग्रीक लोक हा शब्द देवदेवतांना लावायचे, देवळांना लावायचे. मग माणसांना लावू लागले. ज्याच्यासमोर गेलं की आपली मान आपसूक लवते, आवाज आपसूक खाली येतो, असा माणूस. त्यात भारदस्तपणा आहे, थिल्लरपणाला जागा नाही, म्हणून 'गंभीर' हे काही खोटं भाषांतर नव्हे. पण हसू नये असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही."

बाबुरावांनी कागदावरच्या 'आदरणीय' भोवती पेन्सिलीने एक चौकट आखली.

"म्हणजे आमचं माप चुकलं नाही, मापण्याची जागा चुकली. आम्ही पट्टी बाईच्या तोंडाला लावली. ती लावायला हवी होती तिला भेटलेल्या माणसाला. त्याच्या मनात काय उभं राहतं, ते बघायला हवं होतं."

"अगदी बरोबर," पाद्रीसाहेब म्हणाले. "आणि बाबुराव, तीताच्या पत्रात हाच शब्द म्हाताऱ्या पुरुषांनाही लावलाय. म्हणजे तुम्हाला आणि मला."

"ते मी रकान्यात टिपलंय," बाबुराव म्हणाले. "त्याचा विचार मी सवडीनं करणार आहे."

तिसऱ्या दिवशी पंचांची खास सभा बोलावली. सभेच्या खोलीबाहेर, आवाराच्या भिंतीवर, रातोरात कोणीतरी मुंबईची मागणी हातभर उंच अक्षरांत रंगवून गेले होते. थोरात मास्तर त्या भिंतीकडे पाहून कपाळाला आठ्या घालीतच आत आले. अक्षरांत एक ऱ्हस्व चुकला होता, हे त्यांचे दुखणे. बाबुरावांनी आलेखाचा कागद टेबलावर पसरला आणि सात स्थळे क्रमाने वाचून दाखवली.

"चिटणीस आता ग्रीक वाचायला लागले!" थोरात म्हणाले. "कुठल्या सेमिनरीत शिकलात?"

"गिरणीत, मास्तर. शेवटचा सिग्मा सोडून."

दोन पंच हसले. थोरात हसले नाहीत. "म्हणजे आधीच्या भाषांतरकारांना अक्कल नव्हती? आपले वाडवडील चुकीचं वाचत आले?"

"तसं नाही. त्यांनी शब्द बरोबरच घातला. 'गंभीर' म्हटलं की त्यांना खोल पाणी दिसत असेल. आपल्याला लांब तोंड दिसलं. चूक नकलेत नाही, माझ्या वाचण्यात झाली. आणि ती मी सभेसमोर कबूल करतो." मग त्यांनी वॉर्डात पाहिलेले सांगितले, शेवंतीचे शब्द होते तसे सांगितले, झाकलेल्या ताटासकट.

थोरात मास्तर खिडकीबाहेर पाहत होते. ते बोलले तेव्हा त्यांचा वर्गातला आवाज गेला होता.

"त्याच वॉर्डात आमची ही होती. तीन वर्षं झाली. शेवटच्या दिवशी मी व्हरांड्यात बसलो होतो, आणि आतून हसण्याचा आवाज आला. दोघींचा. सुंदराबाईचा आणि हिचा. मला इतका संताप आला की उठून आत गेलो. वाटलं, मरणाच्या दारात ही काय थेरं चाललीत! आत गेलो तर हिचा चेहरा..." ते थांबले. "किती महिन्यांनी तसा दिसला होता. मला बोलवेना. दाराशीच उभा राहिलो, शाळेतल्या पोरासारखा. पुढं मला तो संताप तेवढा आठवत राहिला. उभा राहिलो होतो, ते विसरलो."

पाद्रीसाहेबांनी शब्दसूची हळूच मिटली.

"मत घ्या," थोरात म्हणाले. "माझा हात वर येणार नाही, पंधरा दिवसांत दोन तोंडांनी बोलायची सवय नाही मला. पण विरोध म्हणूनही लिहू नका."

चार जणांचे हात वर गेले. बाबुरावांनी तिथेच, सभा उठायच्या आत, इस्पितळाच्या नावाने पत्र लिहायला घेतले. 'आमच्या मंडळीच्या सेविका श्रीमती सुंदराबाई' इथपर्यंत लिहून ते थांबले, आणि 'श्रीमती' च्या आधी त्यांनी 'आदरणीय' हा शब्द घातला. इस्पितळाला त्याची काही गरज नव्हती. तरी त्यांनी तो घातला, आणि शिक्का त्या शब्दावर पडणार नाही अशी जागा राखली. शिक्का मारून त्यांनी पत्राची घडी घातली आणि ते खिशात ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठ वाजता ते सुंदराबाईंना घेऊन इस्पितळात गेले. वाटेत गिरणीचा भोंगा झाला, एक प्रभातफेरी घोषणा देत लालबागच्या दिशेने निघून गेली. सुंदराबाई मुकाट चालत होत्या.

"आता हसायला हरकत नाही, बाई," बाबुराव म्हणाले. "ठराव झालाय."

"ठरावानं हसू येतं होय, दादा? अकरा दिवस दाबून ठेवलंय. आता गंजलं असेल तर?"

वॉर्डच्या दारात सिस्टरने पत्र घेतले आणि मोठ्याने वाचले. 'आदरणीय' शब्दाशी येताच सुंदराबाईंनी आधी मागे वळून पाहिले, पाठीमागे आणखी कोण बाई आली आहे ते. मागे कोणीच नव्हते. मग त्यांनी बाबुरावांकडे पाहिले. ते टाचा जुळवून, छत्री काखेत धरून, लग्नाच्या फोटोत उभे होते तसेच उभे होते.

"मी?" सुंदराबाई म्हणाल्या. "आदरणीय, मी?" आणि त्या हसल्या. गंज वगैरे काही नव्हते. दारातून ते हसू सरळ आत गेले, खाटांमागून खाटा ओलांडत खिडकीपर्यंत, आणि शेवंती कोपरांवर उठून बसली.

बाबुराव आत गेले नाहीत. ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले. आतून ड्रेसिंगच्या भांड्यांचा आवाज आला, एकदा शेवंतीची किंकाळी आली, तिच्यापाठोपाठ सुंदराबाईंचे काहीतरी बोलणे, त्यात 'हवालदार' हा शब्द दोनदा, आणि मग दोघींचे हसणे. थोड्या वेळाने आयाने पेजेची वाटी आत नेली. बाबुरावांनी कान दिले. कितीतरी वेळ फक्त चमच्याचा आवाज येत होता. मग शेवंतीचा स्वर आला, तक्रारीचा आणि चांगला खणखणीत:

"ह्या पेजेत मीठ खंय आसा?"

बाबुरावांनी छत्री बाकावर आडवी ठेवली, पाठ भिंतीला टेकली आणि डोळे मिटून घेतले.